बिलात आधीच बसलेली बक्षिशी

सेवाशुल्क म्हणजे गिऱ्हाइकाला न विचारता हॉटेलने जेवणाच्या बिलात स्वतःहून मिळवलेली रक्कम. खाल्लेल्या पदार्थांच्या बेरजेवर ती टक्केवारीने लावतात. बहुतेक ठिकाणी दहा टक्के, कुठे पाच, कुठे दहाहूनही जास्त. बिलावर ती ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून छापलेली असते, कधी नुसत्या ‘एस. सी.’ या दोन अक्षरांत. हा सरकारी कर नाही. ही रक्कम हॉटेलच्या गल्ल्यात जाते आणि तिचे पुढे काय करायचे ते मालक ठरवतो. पण बिलात ती कराच्या ओळींना खेटून बसलेली असते, त्यामुळे असंख्य माणसे तिला कर समजून निमूटपणे देत आली आहेत.

हिशेब मांडून पाहिला की गोष्ट स्पष्ट होते. समजा, चौघांचे कुटुंब एका वातानुकूलित हॉटेलात जेवले आणि पदार्थांची बेरीज २,४०० रुपये झाली. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क २४० रुपये, म्हणजे २,६४०. आता वस्तू व सेवा कर. हॉटेलातल्या जेवणावर तो साधारणपणे पाच टक्के असतो, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. तो २,४०० वर न लागता २,६४० वर लागतो आणि प्रत्येकी ६६ रुपयांच्या दोन ओळी बिलात येतात. एकूण २,७७२. सेवाशुल्क नसते तर कर १२० रुपये झाला असता आणि बिल २,५२० वर थांबले असते. फरक २५२ रुपयांचा. त्यातले २४० हॉटेलचे आणि १२ रुपये कराचे, म्हणजे गिऱ्हाइकाने आपण न दिलेल्या बक्षिशीवर कर भरला. त्यानंतर वाढणाऱ्या माणसाला काहीच दिले नाही असे वाटून कुणी शंभराची नोट ठेवली, तर एकाच सेवेचे पैसे दोनदा गेले.

बक्षिशीची किंवा टिपेची रीत याच्या अगदी उलट आहे. जेवण आटोपते, बिल येते, त्यासोबत बडीशेप आणि खडीसाखरेची वाटी येते. पैसे दिल्यावर सुट्टे परत येतात आणि त्यातले किती उचलायचे, किती तसेच ठेवायचे हे त्या क्षणी गिऱ्हाईक ठरवते. पाणी न मागता दोनदा आणून दिले, लहान मुलासाठी भाजी कमी तिखट करून आणली, म्हातारीला उठताना हात दिला, अशा गोष्टी त्या नोटेत मोजल्या जातात. आधी सेवा, मग समाधान, शेवटी बक्षीस, असा हा क्रम आहे. सेवाशुल्कात रक्कम गिऱ्हाईक खुर्चीवर बसण्यापूर्वीच ठरलेली असते. सेवा वाईट झाली तरी टक्का तोच, आणि सेवेत फरक नसतानाही साध्या डोशापेक्षा महागड्या पदार्थाची बशी टेबलावर आणून ठेवण्याचे शुल्क कितीतरी जास्त.

देण्याघेण्याचे साधे रूप तमिळनाडूत कुंभकोणम्‌सारख्या देवळांच्या गावात आजही रोज पाहायला मिळते. टिफिनच्या हॉटेलात भिंतीवरच्या फळ्यावर दर लिहिलेले असतात. इडली केळीच्या पानावर येते, डिग्री कॉफी पितळी डबरा-टंबलरात. वाढणाऱ्याला तिथे ‘सर्व्हर’ म्हणतात. १९६४ साली नागेश यांनी ‘सर्व्हर सुंदरम’ या तमिळ चित्रपटात असा सर्व्हर रंगवल्यापासून तो शब्द आणि ते काम तिथल्या लोकांच्या मनात घर करून आहे. खाऊन झाले की सर्व्हर चिठ्ठी देतो, पैसे दाराजवळच्या गल्ल्यावर द्यायचे. फळ्यावरचे आकडे आणि चिठ्ठीवरचे आकडे जुळले की व्यवहार पुरा. कुणी खूश होऊन सर्व्हरच्या हातावर दहा रुपये ठेवले तर तो त्या दोघांमधला मामला.

याच कुंभकोणम्‌च्या जवळ इन्नंबूर नावाचे खेडे आहे. तिथल्या शिवाचे नाव एळुत्तरिनाथर, म्हणजे अक्षरे जाणणारा स्वामी. नायन्मार या शैव संतांनी गायिलेल्या स्थळांपैकी हे एक. अक्षरओळख सुरू करण्यापूर्वी मुलांना दर्शनाला इथे आणतात. या नावामागची आख्यायिका मात्र हिशेबाची आहे. देवळाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसावर चोळ राजाला शंका आली आणि त्याने जमाखर्च मांडायला सांगितले. हिशेबनीस प्रामाणिक होता, पण भेदरून गेला आणि शिवाला शरण गेला. तेव्हा देव स्वतः त्याच्या रूपात राजापुढे उभा राहिला आणि त्याने ओळ न् ओळ समजावून सांगितली. राजाचे समाधान झाले. दुसऱ्याचे पैसे हाताळणाऱ्याला प्रत्येक आकड्याचे कारण सांगता आले पाहिजे, हे तिथल्या लोकांनी देवाच्या गोष्टीत गुंफून ठेवले आहे. हॉटेलच्या बिलाला तीच कसोटी लावली, तर ‘एस. सी.’ या ओळीचे कारण सांगताना बऱ्याच गल्ल्यांवर अडखळायला होते.

तंजावरच्या मराठी राजांच्या काळातली एक आठवण इथे सांगायला हवी. रामेश्वरच्या वाटेवर त्यांनी छत्रे उभारली होती. वाटसरूला तिथे जेवण मिळे आणि त्याचे मोल कुणी मागत नसे. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहून ही छत्रे चालू राहावीत म्हणून कळकळीने बाजू मांडली होती. छत्रांचा खर्च त्यांना तोडून दिलेल्या गावांच्या उत्पन्नातून चाले. आजचे हॉटेल हा धंदा आहे, त्याला छत्राचा नियम लावता येणार नाही. पण वाढणाऱ्याचे पोट कोणी भरायचे हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे आणि सेवाशुल्काच्या सगळ्या वादाच्या मुळाशी तोच आहे.

भारतात ही प्रथा मोठ्या हॉटेलांतून आली. बिलातच टिप गोळा करायची आणि नंतर कामगारांत वाटायची, अशी तिथे पद्धत होती. वादही जुनेच. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांचे प्रकरण १९७६ साली सर्वोच्च न्यायालयात आले, तेव्हा न्यायालयाने म्हटले की व्यवस्थापनाने गोळा करून वाटलेली टिप ही मालकाने आपल्या खिशातून दिलेली रक्कम नव्हे. २०१६ साली आयटीसी कंपनीच्या खटल्यात हेच सूत्र आयकराला लागू झाले. कार्डावरून आलेली टिप हॉटेलने कर्मचाऱ्यांना दिली तरी ती पगार ठरत नाही, म्हणून त्यावर पगारासारखा उद्गम कर कापण्याची जबाबदारी मालकावर नाही, असा निकाल लागला. दोन्ही निकालांतून एक गोष्ट ठळक होते. पगार मालक देतो, टिप गिऱ्हाईक देते, आणि एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नसते.

सामान्य माणसाच्या मनात गोंधळ वाढला तो करांच्या नावांमुळे. २०११ पासून वातानुकूलित हॉटेलांच्या जेवणावर केंद्राचा सेवाकर लागू झाला. आधी तो परमिट रूम असलेल्या हॉटेलांपुरता होता, २०१३ पासून सरसकट सगळ्या वातानुकूलित हॉटेलांना लागला. तेव्हाच्या बिलात सर्व्हिस चार्ज, सर्व्हिस टॅक्स आणि व्हॅट अशा तीन ओळी एकाखाली एक येत. पहिल्या दोन नावांतला फरक किती जणांच्या ध्यानात येणार? १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि सर्व्हिस टॅक्स गेला. सर्व्हिस चार्ज मात्र राहिला, कारण तो कर नव्हताच.

त्याच वर्षी २१ एप्रिलला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. मेनूकार्डावरची किंमत आणि कर एवढीच रक्कम देण्याला गिऱ्हाइकाची संमती असते. त्याहून जास्त त्याला न विचारता घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे त्यात म्हटले होते. बिलातला सेवाशुल्काचा रकाना कोरा ठेवावा आणि पैसे देताना तो गिऱ्हाइकाने भरावा, अशी सोयही सुचवली होती. ती चांगली होती. पण सूचना म्हणजे नुसता सल्ला, आणि फारच थोड्यांनी तो मनावर घेतला.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आल्यावर चित्र बदलले. या कायद्याखाली २०२० साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याने ४ जुलै २०२२ रोजी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. हॉटेलने बिलात सेवाशुल्क आपोआप मिळवू नये. दुसऱ्या कुठल्या नावानेही ते वसूल करू नये. गिऱ्हाइकावर सक्ती करू नये आणि हे शुल्क ऐच्छिक आहे हे त्याला स्पष्ट सांगावे. शुल्क दिले नाही म्हणून आत येऊ न देणे किंवा सेवा नाकारणे चालणार नाही. आणि शुल्क बिलाच्या बेरजेत मिसळून त्यावर कर लावता येणार नाही. वरच्या उदाहरणातले ते बारा रुपये या शेवटच्या कलमात अडकतात.

हॉटेलचालकांच्या दोन देशव्यापी संघटना लगेच दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २० जुलै २०२२ रोजी तत्त्वांना स्थगिती मिळाली. स्थगितीला अटी होत्या. शुल्क आकारले जाते हे मेनूवर ठळक दाखवायचे आणि बांधून नेलेल्या जेवणावर ते लावायचे नाही. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने अंतरिम सोय म्हणून एका संघटनेच्या सदस्यांना ‘सेवाशुल्क’ हा शब्दच टाकून ‘कर्मचारी योगदान’ म्हणायला सांगितले आणि ते दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये अशी मर्यादा घातली. शेवटी २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी दोन्ही याचिका फेटाळल्या. सक्तीचे सेवाशुल्क ग्राहकहिताच्या विरुद्ध आहे, ते अनुचित व्यापारी प्रथेत मोडते आणि प्राधिकरणाला अशी तत्त्वे काढण्याचा पूर्ण अधिकार आहे, असे निकालात स्पष्ट झाले. दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्चही भरायला सांगितला. राजीखुशीने टिप द्यायला न्यायालयाची काहीच हरकत नव्हती; आक्षेप होता तो न विचारता बिलात मिळवण्याला.

हॉटेलचालकांची बाजू नीट ऐकायला हवी, कारण तिच्यात एक खरी गोष्ट आहे. टिप टेबलापाशी येणाऱ्या वेटरच्या हातात पडते. भटारखान्यात तव्यापाशी घाम गाळणारा आचारी, मोरीपाशी रात्री उशिरापर्यंत भांडी घासणारा माणूस, फरशी पुसणारी बाई यांच्यापर्यंत ती पोचत नाही. सेवाशुल्क सगळ्यांत वाटले जाते, कामगारांशी झालेल्या करारांत त्याची तरतूद असते, शिवाय ते मेनूवर छापलेले असते, म्हणजे गिऱ्हाईक जाणूनबुजून बसते, असे हॉटेलवाले सांगतात. भांडी घासणाऱ्याची आठवण काढणे योग्यच. पण त्याला जास्त द्यायचे असेल तर मालकाला मार्ग मोकळा आहे. तीनशेची थाळी तीनशे तीसला करावी आणि वाढीव पैसे पगारात घालावेत. पदार्थांचे दर ठरवण्याचे स्वातंत्र्य हॉटेलकडे आहे आणि प्राधिकरणाने त्याला हात लावलेला नाही. तीनशे तीस हा आकडा गिऱ्हाईक बसण्यापूर्वी पाहते, शेजारच्या हॉटेलशी तुलना करते आणि मग ठरवते. तीनशेचा दर दाखवून शेवटी तीस वाढवणे ही तुलनाच बिघडवणारी गोष्ट आहे. शिवाय गोळा झालेले सेवाशुल्क खरोखर सगळ्या कामगारांत वाटले गेले की नाही, हे पैसे देणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही.

हा वाद अपिलात गेला तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती तुषार राव गेडेला यांच्या खंडपीठाने नेमका मुद्दा पकडला. वीस रुपयांची पाण्याची बाटली तुम्ही शंभराला विकता ती वातावरण आणि सेवा देता म्हणून. मग सेवेचे आणखी वेगळे पैसे कशाचे, असे त्यांनी विचारले. या प्रश्नामागे डिसेंबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. छापील किमतीपेक्षा जास्त दराने पाण्याची बाटली विकायला हॉटेलांना तेव्हा मुभा मिळाली होती. माणूस हॉटेलात फक्त बाटली विकत घ्यायला जात नाही, तिथल्या बैठकीचा आणि सेवेचाही लाभ घेतो, हा युक्तिवाद तेव्हा हॉटेलांच्या कामी आला होता. सेवेची किंमत बाटलीत धरलेली असेल, तर तीच किंमत पुन्हा टक्केवारीने मागता येत नाही.

परदेशातल्या प्रथा या वादात नेहमी पुढे केल्या जातात, विशेषतः अमेरिकेची. ती तुलना इथे बसत नाही. अमेरिकेत टिप मिळवणाऱ्या कामगारासाठी केंद्रीय किमान वेतन वेगळे आहे. मालकाने त्याला तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालते, उरलेले टिपेतून भरून निघायला हवे, आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. इतरांसाठी केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. म्हणून तिथे टिप न देणे म्हणजे माणसाची मजुरी बुडवणे समजतात आणि सहा-आठ जणांच्या गटाला पुष्कळ ठिकाणी अठरा-वीस टक्के आपोआप लावतात. तिथल्या करखात्याने २०१४ पासून अशा आपोआप लावलेल्या रकमेला टिप मानणे बंद केले. ती पगारात मोजायची असे ठरल्यावर काही मोठ्या साखळ्यांनी ती प्रथाच सोडली. भारतात किमान वेतनातून टिप वजा करण्याची सवलत मालकाला नाही. तमिळनाडू आणि महाराष्ट्र दोन्ही राज्यांत हॉटेल कामगारांसाठी किमान वेतन ठरवून दिलेले आहे आणि ते मालकानेच द्यायचे आहे.

फ्रान्समध्ये १९८७ पासून मेनूवरच्या किमतीतच सेवा धरलेली असते, वरून काही देणे न देणे खुशीचे. ब्रिटनने १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्याने टिप आणि सेवाशुल्काची सगळी रक्कम कर्मचाऱ्यांत वाटणे मालकांवर बंधनकारक केले. जपानमध्ये टिप ठेवण्याची पद्धतच नाही. यांपैकी भारताला जवळचा वाटावा असा फ्रान्सचा मार्ग आहे: किंमत एकच आणि ती आधी दिसणारी.

आता ही गोष्ट हॉटेलाच्या टेबलावरून फोनच्या पडद्यावरही गेली आहे. घरी जेवण मागवताना टिपेच्या किंवा देणगीच्या चौकोनात आधीच खूण केलेली असते आणि घाईत ती नजरेतून सुटते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या तत्त्वांनी अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली आहे. गिऱ्हाइकाच्या टोपलीत न विचारता रक्कम टाकणे ही त्यांतली एक.

बिलात सेवाशुल्क दिसले तर पैसे देण्यापूर्वी ते काढायला सांगणे ही पहिली पायरी. व्यवस्थापकाशी शांतपणे बोलायचे आणि दुरुस्त केलेले छापील बिल मागून घ्यायचे. कार्ड घासण्याआधी किंवा क्यूआर स्कॅन करण्याआधी एकूण रकमेवर नजर टाकायची, कारण एकदा गेलेले पैसे परत मिळवायला वेळ लागतो. हॉटेल ऐकत नसेल तर बिलाचा फोटो काढून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ती थेट हॉटेलकडे पाठवली जाते आणि पैसे परत मिळाल्याची उदाहरणे आहेत. जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि प्राधिकरणाकडेही तक्रार करता येते.

त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. घटना घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा गिऱ्हाइकाला व्यापाऱ्याच्या गावी खेटे घालणे परवडत नाही हीच मोठी अडचण असे. २०१९ च्या कायद्याने ती दूर केली. ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार दाखल होते, तीही ऑनलाइन. इन्नंबूरला मुलाच्या अक्षरारंभासाठी गेलेले कोल्हापूरचे कुटुंब परतीच्या वाटेवर एखाद्या मोठ्या हॉटेलात जेवले आणि बिलात २५२ रुपये जास्त लागले, तर त्यांची तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात चालते. सोबत जोडायचे ते जपून ठेवलेले मूळ बिल, पैसे दिल्याची नोंद आणि शक्य असेल तर मेनूकार्डाच्या त्या पानाचा फोटो.